मेकाँगवर शेंगाचटणी

लाओसमध्ये हुआय साय ते लुआंग प्रबांग हा मेकाँग नदीतला प्रवास संथ बोटीने दोन दिवसांचा. मध्ये पाकबेंगला मुक्काम. पाठीवर सॅक टाकून मी एकटीच निघाले होते. शेजारच्या मुलीशी तासभर इंग्रजीच चाललं. तिची बाटली घरंगळली नि "अय्यो देवरे!" ऐकू आलं. धारवाडची निघाली! मग कन्नडच. (बेळगावात दुकानात शिरताना कुठली भाषा काढावी, याचा अंदाज घ्यावा लागतो. तिथे कोण बघतंय?)

तिचे वडील १९८२च्या गोकाक चळवळीत मोर्चाला गेलेले, माझे काका १९८६च्या सीमा आंदोलनात तुरुंगात. दोघी गप्प झालो. मग तिने शेंगाचटणीची पुडी सोडली, मी चिकट भाताची टोपली पुढे केली.

घरी हे सांगितलं तेव्हा काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिखट होती का?"