कुणाला खाली घ्यायचं?

ऑर्केस्ट्राच्या मिक्सिंगला बसलं की निर्मात्याची मागणी ठरलेली असते: ‘सगळं स्वच्छ ऐकू आलं पाहिजे.’ नवखा इंजिनिअर मग ओबो दबला म्हणून ओबोचा फेडर वर नेतो, त्यात व्हिओला बुडाला की व्हिओलाचा. तासाभरात सगळेच फेडर वर गेलेले असतात आणि गिचमिड होती तशीच राहते, फक्त मोठ्याने ऐकू येते.

दोष आपल्या कानाच्या घडणीत आहे. जवळजवळच्या कंपनसंख्येचे दोन आवाज एकदम आले की जोरकस आवाज दुसऱ्याला झाकतो, आणि खालचा वरच्याला जास्त झाकतो. डबल बासचा सर्वांत खालचा स्वर ४१ हर्ट्झचा, चेलोचा ६५, व्हिओलाचा १३१, व्हायोलिनचा १९६. कागदावर प्रत्येकाचा मजला वेगळा दिसतो, पण २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात चेलो, व्हिओला, हॉर्न, बसून, क्लॅरिनेट अशी सगळ्यांचीच गर्दी उसळते.

समजा, चाल चेलोंकडे आहे आणि मागे हॉर्न लांब स्वर धरून आहेत. अशा वेळी मी चेलोंना हात लावत नाही. हॉर्नमधून ३०० हर्ट्झच्या आसपास दोनेक डेसिबल काढतो. हॉर्न सुटे ऐकले तर आता किंचित पातळ वाटतात, पण सुटे ते कुणी ऐकणारच नसतं. एवढ्याने भागलं नाही, तर गज तारेला भिडताना होणारी चेलोची खरखर, दोन-तीन हजार हर्ट्झची, जराशी पुढे आणतो. वाद्य कोणतं हे कान बरंचसं स्वराच्या सुरुवातीवरून ओळखतो. ती एकदा पकडली की पुढचा स्वर तो आपला आपण शोधत जातो.

निम्मं काम माइक लावतानाच झालेलं असतं. कंडक्टरच्या डोक्यावर तीन माइक टांगायची पद्धत डेक्का कंपनीच्या इंजिनिअरांनी १९५०च्या दशकात बसवली. ‘डेक्का ट्री’ या नावाने ती आजही चालते. त्यात अख्खा ऑर्केस्ट्रा आणि हॉलची खोली येते. नाजूक वाद्यांसाठी जवळ वेगळे स्पॉट माइक लावतात, आणि घोळ तिथेच होतो. आवाजाला एक मीटर कापायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. मुख्य माइकपासून सात मीटरवर बसलेल्या ओबोचा आवाज त्याच्या स्पॉट माइकला सुमारे वीस मिलिसेकंद आधी मिळतो. तो तसाच मिसळला तर ओबोवाला उठून पहिल्या व्हायोलिनवाल्याच्या मांडीवर बसल्यासारखा वाटतो. म्हणून तो ट्रॅक तेवढा मागे सरकवायचा आणि फेडर बेताने उघडायचा. बंद केला की काहीतरी गेल्याची चुटपुट लागावी, पण उघडलेला असताना तो आहे हे कळू नये.

आपल्या चित्रपटसंगीतात एके काळी गायक आणि वादक एकत्रच ध्वनिमुद्रित व्हायचे आणि हाती यायचा तो एकच मोनो ट्रॅक. नंतर दुरुस्तीला वावच नसे. तरीही शंकर-जयकिशनच्या गाण्यांत व्हायोलिनचा ताफा गळ्याला धक्का न लावता आपलं म्हणणं मांडून जातो. त्याचं श्रेय रेकॉर्डिस्टइतकंच गोव्याचे अरेंजर सेबास्टियन डिसूझा यांच्या लेखणीला आहे. जागा आधी कागदावर सोडलेली असली की माइकचं काम सोपं होतं.

पण प्रत्येक वाद्य सुटं ऐकू यावं, हा हट्टही कधी कधी अंगाशी येतो. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीचा (१८९३) शेवटचा भाग घ्या. त्याच्या सुरुवातीला एक स्वर पहिली व्हायोलिनं वाजवतात, पुढचा दुसरी. ऐकू येणारी चाल कुणा एकाच्या कागदावर नसतेच, ती ऐकणाऱ्याच्या कानात जुळते. दोन्ही गट ‘स्वच्छ’ वेगळे केले की चाल फुटली. रॅव्हेलच्या ‘बोलेरो’त (१९२८) एका आवर्तनात हॉर्नच्या चालीवर सेलेस्टा आणि दोन पिकोलो तीच चाल हळू आवाजात वरच्या पट्ट्यांत वाजवतात. त्यांचे स्वर हॉर्नच्या उपस्वरांवर चपखल बसतात आणि भलत्याच कुठल्या तरी ऑर्गनचा भास होतो. पिकोलो जरा वर घेतले की तेच सगळं बेसूर वाटू लागतं.

म्हणून आधी मी स्कोअर आणि पेन्सिल घेऊन बसतो. कोण बोलतंय, कोण साथ देतंय आणि कोण दुसऱ्यात विरघळतंय, अशा तीन प्रकारच्या खुणा पानोपानी करतो. एका वेळी ‘बोलणारे’ दोन, फार तर तीन. त्याहून जास्त धागे माझ्या तरी कानाला एकदम धरता येत नाहीत. मिक्स झालं की आवाज अगदी बारीक करून, एकाच छोट्या स्पीकरवर ऐकतो. बोलणाऱ्याची खूण केलेली ओळ तेवढ्यातही कळली तर पुढचं पान. नाही कळली, तर आणखी कुणाला खाली घ्यायचं ते शोधायचं.