न लिहिलेले वाक्य

शिक्षकाच्या आयुष्यात नापास होण्याचा योग क्वचितच येतो; कारण परीक्षा घेणारा तोच असतो. माझ्यावर मात्र तो एकदा आला, आणि मला नापास करणारा परीक्षक पाचवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे.

रायगडच्या किनाऱ्यावरील तालुक्याच्या गावी मी तेव्हा मराठी शिकवीत होतो. मुले घडाघडा वाचीत. पण धड्यात न लिहिलेले काही विचारले, की वर्ग चिडीचूप! 'सर, हे पुस्तकात कुठे आहे?' हा त्यांचा बिनतोड सवाल. अखेर मीच एक उतारा रचून फळ्यावर लिहिला :

'नारळी पौर्णिमेला आठ दिवस उरले होते. बाबा होडी रंगवीत होता. आई दुकानातून परतली. कितीतरी दिवसांनी आज ती वाण्याशी हसून बोलली होती.'

खाली प्रश्न : आई का हसली?

तहसील कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा नुकताच मुंबईहून आला होता. त्याने उतारा खणखणीत वाचला आणि सांगितले, "सण आला म्हणून." एक मुलगी म्हणाली, "वाण्याने खाऊ दिला असेल." मग शेवटच्या बाकावरचा, कोळीवाड्यातला पोरगा उठला. त्याच्या प्रगतिपुस्तकात 'वाचन कच्चे' असा शेरा मी नुकताच मारला होता. 'पौर्णिमेला' या शब्दावर तो तीनदा अडखळला, वर्ग हसला. पण उत्तर देताना तो अडखळला नाही.

"सर, उधारी आता फिटंल ना!"

"कशावरून?"

"पावसात होडी बंद. घरात पैसा नाय. आई मान खाली घालून दुकानात जाते. पुनवेला दर्याला नारळ दिला का होडी निघंल."

पौर्णिमा त्याला अडली होती; पुनव अडली नव्हती. माझ्या टिपणात 'मासेमारी पुन्हा सुरू होणार म्हणून' एवढेच उत्तर होते. ती खाली घातलेली मान माझ्याही टिपणात नव्हती.

पुढे वाचनात आले, की 1988 साली रेख्ट आणि लेस्ली या अमेरिकन संशोधकांनी सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या खेळाचा एक उतारा वाचायला दिला होता. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुले, खेळ न जाणणाऱ्या पटाईत वाचकांहून सरस ठरली. मला त्याचे नवल वाटले नाही. आमच्या वर्गात हेच घडले होते. आठवड्याभराने मी लोकलच्या गर्दीचा उतारा दिला. आजी दादरला न उतरता पुढच्या स्थानकावर का उतरली, हे कारकुनाच्या मुलाने क्षणात सांगितले. कोळ्याचा पोरगा गप्प राहिला. त्याने लोकल पाहिलीच नव्हती.

तेव्हापासून धडा उघडण्यापूर्वी मी विचारतो, "हे कुणी पाहिलंय?" ज्याने पाहिले, तो इतरांना सांगतो. मग वाचन, आणि प्रत्येक उत्तरावर "कशावरून?" एक बोट धड्यातल्या शब्दावर हवे आणि दुसरे जगण्यातल्या गोष्टीवर. खाऊला फळ्यावर आधार नव्हता, उधारीला होता.

त्या पोराचा शेरा मी खोडला नाही. वाचन कच्चे होतेच. त्यासाठी शाळा सुटल्यावर आम्ही दोघे जोडाक्षरे घेऊन बसू लागलो. त्यापुढे फक्त 'समज पक्की' एवढे लिहिले.

माझेही वाचन कच्चे होते. तो शेरा कुठे लिहावा, हे मात्र अजून सुचलेले नाही.