डॉल्फिनची कातडी

ज्या गाडीला गंज चढत नाही, तिलाही म्हातारपण येतंच. आमच्या डॉल्फिनला ते बॉनेटवर आलं, दरवाजाच्या बिजागरीपाशी आलं, आरशाच्या स्क्रूभोवती आलं: कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा.

बंगळूरच्या सिपानींची ही दोन दारांची छोटी गाडी. मूळ घराणं इंग्लंडच्या रिलायंट किटनचं, इंजिन 848 सीसीचं, चासी पोलादी आणि वरचं सगळं अंग फायबरग्लासचं. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि डॉल्फिनकडे बघायला लोकांना सवड उरली नाही. मला ती आजही देखणी वाटते.

फायबरला पोचा पडत नाही, तडा जातो. पत्रा ठोकून सरळ करता येतो. इथे हातोड्याचं काही चालत नाही. या अंगाची घडणच वेगळी. साच्यात आधी जेलकोट लावतात, मग काचतंतूंची चटई अंथरून तिच्यात रेझिन मुरवतात. म्हणजे जगाला दिसणारी कातडी आधी जन्मते आणि तिला पेलणारं अंग नंतर. आतली चटई थोडी लवते, वरचा कडक जेलकोट लवत नाही, म्हणून तो तडकतो. अशा भेगेवर नुसती पुट्टी ओढून रंग मारला, तर ती पुन्हा तिथूनच डोकं वर काढते. भेग आधी उघडावी लागते. खाच करत तिच्या तळापर्यंत जायचं, पातळ काचेचा टिश्यू रेझिनमध्ये भिजवून बसवायचा, तो पुरता वाळू द्यायचा, मग पुट्टी. आणि भेग पाडणारा बोल्ट फाजील आवळलेला असेल, तर त्याचा बंदोबस्त सगळ्याच्या आधी.

जुना रंग काढायला रिमूव्हरला हात लावू नये. रंगाबरोबर तो रेझिनलाही खातो. आधी मेण आणि पॉलिश पुसून काढायचं, नाहीतर घासताना तेच आत दाबलं जातं. मग पेपर, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला: 180 चा, 320 चा, 400 चा. घासता घासता बॉनेटच्या कडेला एक डाग उघडा पडला. मधोमध चटईची फिकट हिरवट झाक, भोवती जेलकोटचं कडं, त्याबाहेर करडा प्रायमर, मग कुणीतरी कधीकाळी हौसेनं दिलेला पिवळा आणि सर्वांत बाहेर आमचा लाल. गाडीचं सगळं आयुष्य बोटभर जागेत. तिथे मी बराच वेळ थांबलो.

प्रायमरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून पुन्हा ठोकळा फिरवावा. जिथे काळं उरतं, तिथे खळगा. डोळा फसतो, हा काळा फसवत नाही. फायबर घासताना उडणारी धूळ मात्र अंगाला खाजते आणि छातीला वाईट. मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यातच. उघड्या पडलेल्या तंतूंवर पाणी-पेपर चालवू नये. तंतू ओल धरतात आणि ती पुढे फोड होऊन रंगाखालून वर येते. म्हणूनच हे काम श्रावणात काढू नये. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी साय धरते, ते वेगळंच.

शेवटचा हात घरी मारू नये, हे माझं ठाम मत. हार्डनर घालून मारायच्या टू-के रंगात आयसोसायनेट असतं. साधा मास्क त्याला अडवत नाही, आणि दमा एकदा जडला की सुटत नाही. तयारी घरी करावी, रंग बूथमध्ये द्यावा. भट्टी मंद ठेवायला मात्र बजावून सांगावं, जास्त उष्णतेनं फायबर वाकतं.

तुमच्या ओळखीत कुणाच्या गोठ्यात, शेडमध्ये अशी एखादी डॉल्फिन पडून असेल, तर ती मोडीत घालू देऊ नका. पत्रा वितळून पुन्हा पत्रा होतो. हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही.