ताबा सुटला म्हणजे नेमकं काय झालं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारं पोरगं आहे आणि दारात दुचाकी आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं. 'भरधाव वेगात दुचाकीवरील ताबा सुटला आणि...' पोलिसांच्या नोंदीत तेच, पेपरात तेच, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोखालीही तेच. वीस वर्षं या धंद्यात हे वाक्य समोरून जाताना बघतोय. ते वाचलं की प्रकरण मिटल्यासारखं वाटतं. पोरगं जोरात होतं, ताबा सुटला, गेलं. पुढे कुणी काही विचारत नाही. हा ताबा त्याला शिकवला कुणी होता, हे तर नाहीच नाही.

मध्यंतरी भाच्याबरोबर मोटरसायकल रेसिंगच्या शाळेत दोन दिवस काढून आलो. 'पत्रकार आता रेस लावणार काय?' असं चहाच्या गाड्यावर बऱ्याच जणांनी विचारून झालं. रेस लावणार नाही. पण तिथे जे बघितलं ते आपल्या गावाच्या कामाचं आहे.

आधी पार्श्वभूमी सांगतो. भाचा वीस वर्षांचा, डिप्लोमाला आहे आणि लहानपणापासून गाडीवेडा. गेल्या वर्षी त्याचा वर्गमित्र बायपासवर गेला. रात्री साडेनऊची वेळ होती आणि दुभाजकाची सुरुवात नेमकी अंधारात. बातमी आली, 'ताबा सुटला.' त्या दिवसापासून भाऊजींनी भाच्याच्या गाडीची किल्ली कपाटात ठेवली. पोरगं कॉलेजला एसटीने जायला लागलं आणि घरात बोलेनासं झालं. सुट्टीत एका गॅरेजवर काम करून त्याने पैसे साठवले आणि एक दिवस जाहीर केलं, 'मला रेसिंग स्कूलला जायचंय.'

भाऊजी उठून बाहेरच गेले. जाताना एवढंच म्हणाले, 'एक पोरगं गेलं ते पुरे नाही काय? आता पैसे भरून पाठवायचं?'

ताईचा मला फोन आला. 'तू जा त्याच्याबरोबर. तू पेपरवाला आहेस, तुला प्रश्न विचारायची सवय आहे. खुळेपणा वाटला तर तिथनंच परत घेऊन ये.'

बेळगावहून रात्रीच्या गाडीने बंगळूर आणि तिथून चेन्नईच्या बसने श्रीपेरंबुदूर. राजीव गांधींची हत्या जिथे झाली तेच हे गाव. जवळच इरुंगट्टुकोट्टई इथे मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे, आधीचं नाव मद्रास मोटर रेस ट्रॅक. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने बांधलेला हा ट्रॅक १९९० पासून चालू आहे. त्याआधी मद्रासच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. पूर्ण फेरी ३.७ किलोमीटरची, बारा वळणांची.

माझ्या डोक्यात रेसिंग स्कूल म्हणजे सिनेमातला प्रकार होता, धूर, आरडाओरडा आणि पुढचं चाक हवेत. पहिला दीड तास कुणी गाडीला हातही लावला नाही. आधी प्रत्येक गाडी तपासली. ब्रेक, टायर, चेन, कुठे ऑइल गळतंय का. मग अंगावरचं तपासलं. चामड्याचा सूट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, आणि हेल्मेटचा पट्टा तर बोट घालून बघितला. एकाच्या हेल्मेटला तडा होता. त्याला दुसरं मिळेपर्यंत बाजूला बसवलं. तो दुरून आला होता, पैसे भरले होते, थोडा चिडलाही. कुणी ऐकलं नाही.

मग झेंडे समजावले. पिवळा दिसला की पुढे धोका आहे, ओव्हरटेक करायचं नाही. लाल दिसला की सत्र थांबलं, हळू पिटमध्ये परत यायचं. एक रुग्णवाहिका ट्रॅकच्या कडेला उभीच होती. ती जागेवर नसेल तर गाड्या सोडत नाहीत, असं सांगितलं. मी वहीत लिहिलं, 'वेगाची जागा, पण मोकाट कुणीच नाही.'

त्यानंतर वर्ग. फळा, खडू आणि समोर वीस-बावीस जण. पंचेचाळीशीचा एक डॉक्टर होता, दोन मुली होत्या, बाकी आमच्या भाच्याच्या वयाचे. सोबत आलेल्यांना मागे बसायची मुभा होती, म्हणून मी मागच्या बाकावर.

पहिला विषय नजर. गाडी तुम्ही बघता तिकडे जाते. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल. घाबरलेला माणूस ज्याची भीती वाटते त्याच गोष्टीकडे टक लावून बघतो आणि गाडी तिकडेच नेतो. कीथ कोड नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने १९८० मध्ये कॅलिफोर्नियात अशी शाळा सुरू केली. त्याची मांडणी अशी की भीतीच्या क्षणी शरीर जीव वाचवायला म्हणून जे आपोआप करतं, तेच दुचाकीवर बऱ्याचदा जिवावर येतं. हँडल आवळून धरणं, ॲक्सिलरेटर एकदम सोडणं, ब्रेक गच्च दाबणं, नजर खिळणं. यावर उपाय धाडस नाही. सराव करून करून अंगाला दुसरी सवय लावणं, हाच उपाय.

भाच्याने हात वर केला. मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, 'सर, अंधेरे में अचानक सामने डिव्हायडर आ गया तो?'

प्रशिक्षक तमिळ माणूस, पन्नाशीचा, आवाज न चढवता बोलणारा. म्हणाला, डिव्हायडरकडे बघू नका. त्याच्या शेजारी मोकळी जागा असते, तिच्याकडे बघा. सांगायला सोपं आहे, करायला फार अवघड, म्हणून तर आज तेच करून घेणार आहे.

भाचा खाली बसला. पुढचा अर्धा तास त्याने वहीत काही लिहिलं नाही.

दुसरा विषय वळणं. चालत्या गाडीला उजवीकडे घ्यायचं तर उजवा हँडल हलकेच पुढे ढकलायचा. ऐकायला उलटं वाटतं. पण सायकल शिकल्यापासून आपण सगळे नकळत हेच करतो. फरक एवढाच की ते जाणीवपूर्वक माहीत असलं, तर अचानक कुत्रं आडवं आल्यावर गाडी झटकन बाजूला काढता येते.

तिसरा विषय ब्रेक, आणि इथे मी सावरून बसलो. आपल्याकडे पोराच्या हातात गाडी देताना बाप पहिलं वाक्य काय बोलतो? 'पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर पडशील.' आणि इथे फळ्यावर लिहिलं होतं की गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे सरकतं. पुढचा टायर रस्त्याला दाबून धरतो, मागचा हलका होतो. हलक्या झालेल्या मागच्या चाकावर जोर काढला तर ते घसरतं, गाडी मात्र थांबत नाही. पुढचा ब्रेक एकदम हिसडायचा नाही, चढत्या जोराने दाबत न्यायचा. चिंधी पिळतो तसा. सगळं कौशल्य त्या पहिल्या अर्ध्या सेकंदात आहे.

दुपारी पॅडॉकच्या मोकळ्या जागेत हाच सराव झाला. शेवटी प्रशिक्षकाने मला बोलावलं. फॉर्मवर सही घेतली, भाच्याचे हातमोजे-बूट घालायला लावले आणि शिकवण्याची लहान गाडी दिली. चाळीसच्या वेगाने यायचं आणि शंकूपाशी ब्रेक लावायचा. आधी फक्त मागचा, मग दोन्ही. भाच्याने पावलांनी अंतर मोजलं. फक्त मागच्या ब्रेकने चोवीस पावलं, दोन्हींनी तेरा. म्हणजे अकरा पावलांचा फरक. तेवढ्यात एक माणूस, एक म्हैस किंवा ट्रॉलीची मागची बाजू आरामात मावते.

थोडं गणित सांगतो, पोरांना दाखवा. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसून बोटं ब्रेकवर पोचायला एक सेकंद गेला, तर गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक लागण्याच्या आधीच. आणि वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. एक मोबाइलचा मेसेज वाचायला किती सेकंद लागतात ते तुम्हीच मोजा.

संध्याकाळी लॉजवर दहीभात खाताना भाचा दिवसभरात पहिल्यांदा सलग बोलला. 'मामा, तो त्या दुभाजकाकडेच बघत राहिला असणार. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.' मग बराच वेळाने म्हणाला, 'मलाही कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी त्याच्या मागे बसून जाणार होतो.'

हे त्याने घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता ताई-भाऊजींना माहीत आहे आणि त्याला विचारूनच इथे लिहितोय.

ट्रॅक सुरक्षित आणि रस्ता धोक्याचा, असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये याच ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत तेरा वर्षांचा मुलगा पडला आणि गेला. त्या आठवड्याच्या उरलेल्या शर्यती रद्द कराव्या लागल्या. शर्यत ही शर्यत असते, भाऊजींची भीती खोटी नव्हती. पण ट्रॅकवर निदान पडण्याचा विचार केलेला असतो. सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात. वळणाच्या बाहेर मोकळी जागा असते, खांब नसतो, झाड नसतं, अर्धवट दुभाजक नसतो. आपल्या बायपासवर यातलं काय आहे?

केंद्र सरकारच्या अहवालातले आकडे बघा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नसताना गेलेली ५०,०२९. म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरून जातात. आणि या दुचाकीचं शिक्षण किती? शिकाऊ परवाना काढा, महिनाभर थांबा, पाय न टेकवता आठचा आकडा काढून दाखवा. कुठल्या शाळेत जायची सक्ती नाही. आपल्या गावात ड्रायव्हिंग स्कूल आहेत, पण सगळी चारचाकीची. आठचा आकडा काढताना वेग असतो सायकलीचा. साठच्या वेगात थांबून दाखव, असं कुणीच म्हणत नाही.

गाड्या मात्र सुधारल्या. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्याखालच्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी यंत्रणा. चाक जाम होऊ नये म्हणून कंपनीने यंत्र बसवलं आणि बाप पोराला सांगतोय, पुढच्या ब्रेकला हात लावू नको.

'भाचा रेसर होणार काय?' असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो, नाही होणार. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर तो सगळ्यात वेगवान नव्हता, मधल्यातला होता. प्रशिक्षक त्याच्या मागून फिरून आला आणि म्हणाला, खांदे सैल कर, आणखी लांब बघ. शेवटच्या दोन सत्रांत त्याची मान खरंच वळणाच्या पलीकडे वळायला लागली, हे पिटच्या भिंतीवरून मलाही दिसलं. घरी आल्यावर त्याने भाऊजींना गाडीवर मागे बसवून चाळिसाच्या वेगात थांबवून दाखवलं, हेल्मेट घालून. भाऊजी काही बोलले नाहीत. संध्याकाळी किल्ली कपाटातून बाहेर, टीव्हीजवळच्या खिळ्यावर आली.

प्रत्येकाला चेन्नईला जाता येणार नाही, फी परवडणार नाही. गरजही नाही. ब्रेक, नजर आणि झटकन बाजूला होणं, एवढं तर गावात शिकवता येतं. म्हणून काही गोष्टी जाहीरपणे मागतोय.

एक, बायपासच्या दुभाजकाच्या दोन्ही टोकांना रिफ्लेक्टर आणि पिवळे-काळे पट्टे हवेत, पावसाळ्याआधी. तसं निवेदन दिलंय, पोच माझ्याजवळ आहे, आणि दर महिन्याला काय झालं ते इथे लिहिणार आहे.

दोन, कॉलेजांनी रस्ता सुरक्षा सप्ताहात नुसती शपथ घ्यायला लावू नये. एक दिवस मैदानात ब्रेक लावायला शिकवावं. शंकूच्या जागी वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या चालतात.

तीन, बातमी लिहिणाऱ्या माझ्या मित्रांनो, 'ताबा सुटला'च्या पुढे आणखी दोन प्रश्न विचारूया. रस्ता कसा होता? हेल्मेट होतं का?

आणि पालकांनो, गाडीच्या बजेटमध्ये हेल्मेट आधी धरा, गाडी नंतर. आयएसआय शिक्क्याचं, पट्टा लागणारं.

बंद सूतगिरणीच्या आवारात सिमेंटची मोकळी जागा आहे. संबंधितांची परवानगी मिळाली आहे. येत्या रविवारी सकाळी सात ते नऊ भाचा आणि त्याचे चार मित्र ब्रेकचा सराव घेणार आहेत. फी नाही. परवाना असलेल्यांनीच यायचं, मुलींनीही यायचं, बापांनी तर जरूर यायचं. हेल्मेट नसेल तर चहा मिळेल, गाडी चालवायला मिळणार नाही.

नावं कमेंटमध्ये टाका, म्हणजे बाटल्या किती लागतील त्याचा अंदाज येईल.