आपलं पोट कशावर भरतं?

राजेंद्र भारूड यांचं ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हे आत्मकथन मी चुकीचं वाचलं. साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल वस्तीतला मुलगा डॉक्टर होतो, मग आयएएस होतो आणि पुस्तकानंतर, २०१९ मध्ये, आमच्याच नंदुरबारला कलेक्टर म्हणून येतो. मी या सगळ्यातून तेवढी खुर्ची उचलली. कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्रकल्प उभे होते, ते त्यांच्या आधीच्या तयारीमुळे. मला ती तयारी दिसली नाही, फक्त साहेब दिसला.

म्हणून कृषीची पदवी घेऊन पुण्याला गेलो, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलो. ‘अधिकारी होऊन काय करणार?’ असं कुणी विचारलं की ‘समाजसेवा’ हे उत्तर तयार असे. कुणाची, कोणती, हे मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. निकाल लागत गेले, माझं नाव लागलं नाही. घरून पैसे मागायची लाज वाटू लागली तेव्हा गावी, शहाद्याजवळच्या लोणखेड्याला, परत आलो.

दुसरी चूक जास्त महाग पडली, कारण ती चूक वाटतच नव्हती. कृषी पदवी असली की कीटकनाशकांचा परवाना मिळायला अडचण नसते. बियाणं, खतं, औषधं यांचं दुकान टाकलं. शिकलेलं कामी येतंय, गावातच आहे, शेतकऱ्यांच्या उपयोगी पडतोय. ध्येय आणि धंदा एका जागी आले, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो.

मग पपईवर व्हायरस आला. शहादा भागात तैवान ७८६ पपई मोठ्या प्रमाणावर लागते. हा रिंगस्पॉट व्हायरस आला की शेंड्याची पानं पिवळी पडून आकसतात, फळावर गोल कडी उमटतात, माल व्यापारी उचलत नाही. हा रोग मावा पसरवतो. मावा झाडावर बसून नुसती सोंड टोचतो तेवढ्या वेळात विषाणू आत जातो. औषधाने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. लागण झालेलं झाड कोणत्याही फवाऱ्याने बरं होत नाही. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं.

‘भाऊ, काय मारू?’ असं विचारत शेतकरी दुकानात यायचे. खरं उत्तर होतं, ‘काही मारू नका, रोगट झाडं उपटून काढा.’ त्या उत्तरावर बिल होत नव्हतं. मी बाटली द्यायचो, सोबत टॉनिकही. सगळं उधारीवर. वडिलांच्या वयाचे एक आप्पा बाग मोडल्यावर हिशेब करायला आले आणि म्हणाले, ‘तू शिकेल पोरगा, तुले माहीत व्हतं ना?’ मी कंपनीकडे बोट दाखवलं. ती माझी सगळ्यात हलकी गोष्ट.

ध्येय शोधताना मी आवड पाहिली, शिक्षण पाहिलं, गाव पाहिलं. आपला पैसा समोरच्याचं काय झाल्यावर येतो, हे पाहिलं नाही. शेतकऱ्याचं पीक जितकं आजारी, तितका माझा गल्ला भरत होता. अशा ठिकाणी चांगला माणूसही हळूहळू वाकतो, आणि मी काही फार चांगला नव्हतो.

दुकान सोडलं. आता पपईची रोपं करतो, कीडरोधक जाळीच्या आत. रोप देताना सांगतो: जुन्या बागेला खेटून लागवड नको, कडेने मका लावा, मध्ये काकडी-भोपळा नको, पहिलं रोगट झाड दिसताच उपटा. एवढं करूनही व्हायरस येऊ शकतो, हेही सांगतो. त्यामुळे काही जण दुसऱ्या नर्सरीत जातात. दुकानापेक्षा मिळकत कमी आहे, जुनं कर्ज अजून फिटायचं आहे. पण ज्याची बाग उभी राहते तोच पुढच्या हंगामात रोपं न्यायला येतो. त्याचं नुकसान झालं तर माझंही होतं, आणि खरं बोलण्यासाठी माझ्यासारख्याला एवढा धाक लागतोच.