गाडीला घाट आठवत होता

तुमच्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास कुठेतरी, सोळा पिनांचं एक सॉकेट आहे. पेट्रोल-डिझेलची गाडी २०१३ नंतरची असेल तर हमखास आहे. आत्ता खाली जा, दार उघडा, मान वाकडी करून मोबाइलचा टॉर्च मारा. वरची बाजू रुंद, खालची अरुंद, असं ते दिसेल. मी इतकी वर्षं गाडी चालवतेय, माझा गुडघा त्या सॉकेटला असंख्य वेळा घासला असेल, पण ते कशासाठी असतं याची मला दादही नव्हती! आता मात्र सोसायटीत कुणाच्या डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लागला रे लागला की मी पार्किंगमध्ये हजर. नवरा म्हणतो, हिला नवं खूळ लागलंय. लागलंयच.

दिवा म्हणजे तोच, इंजिनच्या आकाराचा. आमच्याकडे तो मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात लागला. गाडी मिसिंग मारायला लागली, पिकअप गेला, दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि वर सपाटीला आल्यावर स्थिर झाला. गॅरेजमधून फोनवर उत्तर आलं, "आणून सोडा, स्कॅनर लावू, मग बघू." त्या "मग बघू"मध्ये किती हजार रुपये दडलेले असतात ते गाडीवाल्यांना माहीत आहे. तेवढ्यात भाचा म्हणाला, "मावशी, स्कॅनर माझ्याकडे आहे की." आणि त्याने खिशातून काडेपेटीपेक्षा जरा मोठी निळी डबी काढली. हजार रुपयांच्या आत मिळते. आत ईएलएम३२७ नावाच्या चिपची कुठली तरी नक्कल असते. मूळ चिप कॅनडातल्या एका छोट्या कंपनीची होती, पण बाजारात नकलाच फार. डबी सॉकेटात बसवायची, चावी ऑनवर फिरवायची, फोनचं ब्लूटूथ लावायचं आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर असं एखादं अ‍ॅप उघडायचं. (आयफोनवाल्यांनी घेताना विचारून घ्यावं, साध्या ब्लूटूथच्या डब्या त्याला जुळत नाहीत.)

आणि स्क्रीनवर आलं : पी०३०३.

एवढंच! पण या पाच अक्षरांत केवढं सांगितलेलं असतं बघा. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग. पुढचं शून्य म्हणजे हा सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू असलेला कोड. तिथे एक असता तर त्या-त्या कंपनीचा खासगी. त्यापुढचा तीन म्हणजे ठिणगीचं खातं, मिसफायर. आणि शेवटी ०३, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर. चार सिलिंडरपैकी नेमका कुठला रुसलाय ते गाडीने नाव घेऊन सांगितलं होतं आणि आम्ही नुसता दिवा बघून घाबरत होतो.

त्याच्याखाली 'फ्रीझ फ्रेम' असं एक बटण होतं. ते दाबलं आणि मी अक्षरशः ओरडले. दिवा लागला त्या क्षणाची नोंद : इंजिनचे फेरे मिनिटाला २८४०, वेग ताशी ३८, इंजिनवरचा भार ९१ टक्के, पाण्याचं तापमान ९४ अंश. दुसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला, गाडी चढावर. कसारा घाट! जागेचं नाव नव्हतं, पण आकडे वाचून त्या वळणावर पुढे रखडणारा ट्रकसुद्धा मला दिसला. गाडीला घाट आठवत होता.

पण तिला कळलं कसं? सिलिंडरच्या आत काही कॅमेरा नसतो. माझी त्या रात्रीची झोप या प्रश्नाने घालवली. उत्तर असं, की क्रँकशाफ्टवर दाते असलेलं एक चक्र असतं. पुष्कळ गाड्यांत त्यावर साठ दातांची जागा असते आणि दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे फेरी कुठे सुरू झाली ते समजावं. शेजारचा सेन्सर प्रत्येक दाता जाताना वेळ मोजतो. सिलिंडर पेटला की क्रँकला धक्का मिळतो, वेग किंचित वाढतो. पेटला नाही की पुढचे दाते किंचित उशिरा येतात. ढोलपथकात एकाचा ठोका चुकला की डोळे मिटूनही अनुभवी वादकाला कळतं ना, कुठल्या रांगेतला चुकला, तसंच. गाडी नुसती उभी राहून घुरघुरत असते, ७५० फेऱ्यांवर, तेव्हासुद्धा चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला पंचवीस वेळा ठिणगी पडून इंधन पेटतं आणि त्या पंचवीसही वेळांची हजेरी घेतली जाते!

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण उत्साहाच्या भरात माणूस लगेच दुकानात धावतो. पी०३०३ म्हणजे "कॉइल बदला" नव्हे. तीन नंबर पेटत नाही, एवढंच गाडी सांगते. प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल असेल, प्लग असेल, इंजेक्टर असेल, कॉम्प्रेशन गेलेलं असेल. शोध आपणच लावायचा, आणि तो इतका सोपा निघेल असं वाटलं नव्हतं. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून ठेवला, कारण कोड पुसला की तीही जाते. मग कोड पुसला. बॉनेट उघडून वरचं प्लास्टिकचं झाकण काढलं. खाली एका रांगेत चार काळ्या कॉइल, प्रत्येक आपापल्या प्लगवर उभी. प्रत्येकीला एक वायर आणि एक बोल्ट. दहाचा पाना. वायरच्या टोकाला लॉक असतं, ते दाबून हळूच ओढायचं. वयानुसार प्लास्टिक कडक झालेलं असतं, तिथे जोर केला की तुटतं. बोल्ट सोडून कॉइल जरा फिरवली की पच्चकन आवाज करत लांब रबरी नळीसकट वर येते. तीन नंबरची काढून एक नंबरवर बसवली, एकची तीनवर. बाकी कशाला हात लावला नाही. लगे हाथ प्लगही बदलावेसे वाटतात, पण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुन्हेगार कोण ते कधीच कळत नाही.

गंगापूर रोडने एक चक्कर मारून आले. पुन्हा डबी लावली. प्रलंबित कोडांच्या यादीत : पी०३०१.

कॉइलबरोबर दोषही एक नंबरवर गेला होता! याहून स्वच्छ पुरावा काय असतो? स्पेअरच्या दुकानात कॉइल मागितली तेव्हा पलीकडून, "ताई, साहेबांना फोन लावून विचारून घ्या नक्की काय हवंय." मी फोन काढला आणि दोन्ही स्क्रीनशॉट दाखवले. त्यांनी शांतपणे कॉइल काढून दिली, वर बिलावर थोडी सूटही दिली.

एवढ्यावर थांबेन तर मी कसली! अ‍ॅपमध्ये एक जागा अशी असते जिथे आपण गाडीला थेट प्रश्न टाइप करू शकतो. '०१०५' लिहिलं, म्हणजे पाण्याचं तापमान सांग. उत्तर आलं '४१ ०५ ७बी'. सोळाच्या पाढ्याने ७बी म्हणजे १२३. त्यातून ४० वजा केले, ८३ अंश. डॅशबोर्डवरचा काटा निम्म्यावर. चाळीस का वजा करायचे? एका बाइटमध्ये शून्य ते २५५ एवढेच आकडे मावतात. चाळीसने सरकवलं की उणे ४० ते २१५ अंशांपर्यंत सगळी थंडी-उष्णता त्यात बसते. कुणीतरी बर्फातल्या गाडीचाही विचार केला होता!

त्यानंतर वरच्या मजल्यावरच्या काकांची गाडी. पी०१७१, मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त. इथे मला 'फ्युएल ट्रिम' भेटला आणि मी त्याच्या प्रेमातच पडले. इंजिनला साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हवं असतं, वजनाने. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर चव घेत राहतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, त्यानुसार पेट्रोल वाढवतो-कमी करतो. किती टक्के, तो आकडा म्हणजे ट्रिम. पाच-सात टक्के इकडे-तिकडे चालतं. काकांच्या गाडीत उभ्या इंजिनला अधिक १९. फेरे २५०० वर नेले तर अधिक ४. म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून कुठून तरी हवा आत शिरतेय : उभ्या इंजिनात एकूण हवाच थोडी, म्हणून ही चोरटी हवा मोठी ठरते, फेरे वाढले की ती गर्दीत हरवते. कान लावला तर बारीक 'स्स्स' ऐकू येत होतं. एका रबरी नळीला बेंडाजवळ चीर. पंखा आणि पट्टा सांभाळून मी चिरेवर बोट दाबलं, काका आत फोन धरून बसलेले. "अगं उतरतोय! चौदा... नऊ... सहा!" काका सत्तरीचे आहेत, पण आवाज क्रिकेटच्या कॉमेंटरीचा होता.

हे सगळं आपल्याला मिळालं ते लॉस एंजेलिसच्या धुरामुळे. त्या शहराच्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुक्याचं मूळ मोटारींच्या धुरात आहे हे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, पुढे कॅलिफोर्नियाने प्रदूषण नियंत्रणासाठी मंडळ नेमलं आणि तेच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्या मंडळाच्या रेट्यातून गाडीने स्वतःचा दोष स्वतः सांगायची पद्धत आली. १९९६ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या मोटारीला हे सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं, आपल्याकडे २०१३ पासून, आणि या पद्धतीचं नाव ओबीडी-२. म्हणजे दिवा मुळात आपल्या सोयीसाठी नव्हताच, हवेसाठी होता. म्हणूनच तो लुकलुकायला लागला तर अ‍ॅप उघडत बसू नका, वेग कमी करून सुरक्षित जागी थांबा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं, आणि तो भाग जळाला तर कॉइलच्या कितीतरी पट खर्च. ऑइलचा लाल दिवा तर वेगळंच प्रकरण आहे, तिथे इंजिन ताबडतोब बंद. आणि डबी कायम लावून ठेवू नका. सोळाव्या पिनेला चावी काढल्यावरही बॅटरीचा करंट असतो.

परवा चुलतभाऊ जुनी गाडी घ्यायला निघाला, मला सोबत नेलं. विक्रेत्याने डॅशबोर्ड दाखवला. "मॅडम, एक दिवा नाही, नव्यासारखी आहे." मी पर्समधून डबी काढली. कोड : एकही नाही. मग मी पुढचं पान उघडलं. ईसीयू स्वतःच्या ज्या चाचण्या घेत असतो त्यातल्या बहुतेक 'अपूर्ण' होत्या. आणि त्याखाली एक ओळ असते, कोड पुसल्यापासून धावलेलं अंतर : २ किलोमीटर. मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चहा मागवला. आम्ही चहा घेतला, गाडी घेतली नाही, आणि येत्या रविवारी सिन्नरला दुसरी बघायला जातोय. या खेपेला काकाही येणार म्हणतात. त्यांनी स्वतःची डबी मागवली आहे.