वीतभर अंतरावरची सेवा

साथीच्या काळात डॉक्टर जिवावर उदार होऊन काम करतात, हे आपण जाणतो. मात्र त्या डॉक्टरांत नेत्रतज्ज्ञाची गणना सहसा कोणी करीत नाही. चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, औषधाचे थेंब. यांचा श्वासाच्या रोगाशी काय संबंध?

चीनमधील वुहान शहराच्या सेंट्रल हॉस्पिटलमध्ये ली वेनलियांग नावाचे तिशीतले नेत्रतज्ज्ञ होते. ३० डिसेंबर २०१९ रोजी त्यांनी आपल्या सहाध्यायी डॉक्टरांना नव्या आजाराबद्दल सावध केले. पोलिसांनी बोलावून त्यांना लेखी समज दिली. ते पुन्हा कामावर रुजू झाले आणि जानेवारीत काचबिंदूच्या एका रुग्णाकडून त्यांना संसर्ग झाला. तपासणीच्या वेळी त्या रुग्णात आजाराचे कोणतेही लक्षण दिसत नव्हते. ७ फेब्रुवारी २०२० रोजी ली यांचे निधन झाले. पुढील महिन्यात त्याच नेत्रविभागातील मेई झोंगमिंग आणि झू हेपिंग हे डॉक्टरही गेले.

माझी धाकटी सून नेत्रतज्ज्ञ आहे. ही वार्ता वाचल्यावर मी तिला कारण विचारले. ती म्हणाली, “बाबूजी, स्लिट लॅम्पवर रुग्ण हनुवटी टेकवतो, तेव्हा त्याच्या आणि माझ्या चेहऱ्यात वीत-दीड वीतच अंतर राहते. तो बोलला, शिंकला, तर सारे माझ्या तोंडावर.” शिवाय डोळ्यावरचे आवरण नाजूक श्लेष्मल त्वचेचे, अश्रू एका बारीक नळीने नाकात उतरतात. म्हणून डोळा हेही विषाणूचे एक प्रवेशद्वार ठरू शकते. काही रुग्णांत तर डोळे लाल होणे हेही लक्षण आढळले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. पेढीचे शटर खाली आले, तसे दवाखान्याचेही काही महिने बंद राहावे, असे घरात सर्वांना वाटले. घरात माझी वृद्ध आई आणि दोन लहान नातवंडे. सुनेने शांतपणे सांगितले, “मोतीबिंदू थांबेल, चष्मा थांबेल. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा पडदा थांबत नाही. जन्मापासून ३० दिवसांच्या आत तो पाहावाच लागतो. वेळ गेली, तर ते मूल जन्मभराचे आंधळे होऊ शकते.” यावर कोणापाशी उत्तर नव्हते. ती वरच्या मजल्यावर वेगळी राहू लागली. मुले जिन्याच्या पायरीवरून आईशी बोलत.

दवाखान्यात तिने स्लिट लॅम्पला पारदर्शक पडदा बसवला. मुखपट्टी आणि चष्मा नित्याचा झाला. डोळ्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणाचे टोक प्रत्येक रुग्णानंतर निर्जंतुक होऊ लागले. आणि एक नियम केला: यंत्रावर हनुवटी असेपर्यंत दोघांनीही बोलायचे नाही, प्रश्न आधी, सल्ला नंतर, दूर बसून.

हे ऐकताना मला आपल्या परंपरेतील दोन शब्द आठवले. स्थानकवासी आणि तेरापंथी साधू-साध्वी मुखावर मुहपत्ती बांधतात, मूर्तिपूजक परंपरेत ती हाती धरतात; हेतू हा, की आपल्या श्वासाने व शब्दाने वायुकायिक व सूक्ष्म जीवांची विराधना होऊ नये. दुसरा शब्द वचनगुप्ती. मुहपत्ती काही रोगप्रतिबंधासाठी सांगितलेली नाही, तसा दावा करणे योग्य नव्हे. परंतु आपला श्वास दुसऱ्या जीवाला पीडा देऊ शकतो, ही जाणीव दोहोंच्या मुळाशी आहे. तिलाच आपण जयणा म्हणतो.

आपले संघ नेत्रशिबिरांसाठी सढळ हाताने दान देतात. त्या दानात यापुढे यंत्राचे पडदे, मुखपट्ट्या आणि निर्जंतुकीकरणाचा खर्चही धरावा. एकाच दिवसाच्या मोठ्या आकड्याचा मोह सोडून रुग्णांना वेळा नेमून द्याव्यात. आणि आपण स्वतः तपासणीला जाताना ताप-खोकला असल्यास आधी कळवावे, सोबत एकच माणूस न्यावा, यंत्रासमोर मौन पाळावे. काम निकडीचे नसेल तर चार दिवस थांबावे. यास पैसा लागत नाही, केवळ विवेक लागतो.

सेवा करणाऱ्याची अनुमोदना आपण सभेत हार घालून करतो. त्याच्यापुढे बसलो असता आपला श्वास सांभाळणे, हीही अनुमोदनाच होय.